हाग्गांच्या खुर्चीतून दिसणारा टीव्ही

इनशिराह गेली त्यानंतर पाचव्या महिन्यात घरातला टीव्ही बंद पडला. आवाज येत होता, चित्र नव्हतं. गल्लीतला दुरुस्तीवाला वर आला. त्यानं मागचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "पडद्यामागचे दिवे गेले, उस्ता. चित्र आहे आत, पण अंधारात बसलंय. हे दिवे आता कुणी बनवत नाही."

"कुठेच मिळणार नाहीत?"

"कैरोत एखाद्याकडे जुने पडले असतील. त्यापेक्षा नवा घ्या. रमजान तीन आठवड्यांवर आलाय, सगळं दुमयात शहर टीव्ही घेतंय. तुम्हीच मागे का?"

मी सुतार आहे, कारागिराला इकडे उस्ता म्हणतात. टीव्ही मी बघत नाही. तो माझ्या सासूबाईंसाठी होता. त्यांचं नाव तफीदा. हज करून आल्यापासून सगळे त्यांना हाग्गा म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. एकोणीस वर्षांपूर्वी सासरे वारले तेव्हा इनशिराह त्यांना आमच्याकडे घेऊन आली आणि त्या राहिल्या. आम्हाला मूल झालं नाही. घरात तिघं होतो, आता दोघं आहोत.

हाग्गांच्या डोळ्यांतली मधली नजर गेली आहे, कडेची शिल्लक आहे. समोर बघितलं तर मधोमध करडा डाग दिसतो असं त्या सांगतात. म्हणून त्या मान बाल्कनीकडे वळवतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून टीव्ही बघतात. नव्या माणसाला वाटतं, बाई रस्ता बघतायत. त्यांची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी असते. तिथून त्या दोरीला बांधलेली टोपली खाली सोडतात, पाव आणि भाजी वर ओढतात, आणि समोरच्या रिदाच्या आईशी बोलतात. बाल्कनीची पट्ट्यांची झडप दिवसभर उघडी लागते. खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंतची वाट त्यांना हाताने पाठ आहे. आधी खुर्चीची पाठ, मग काचेच्या कपाटाची कड, मग टीव्हीचं बुटकं कपाट, मग दाराची चौकट. त्यामुळे त्या खोलीतली एकही वस्तू हलवायची नाही असा इनशिराहचा हुकूम होता आणि मी तो अजून पाळत होतो.

पूर्वी टीव्हीवर दिवसभर वेगवेगळं चालायचं, कारण चॅनल इनशिराह बदलायची. सकाळी काबा, दुपारी एका बाईचा स्वयंपाक, संध्याकाळी मालिका. ती गेल्यावर चाळीस दिवस कुराणाशिवाय काही लावलं नाही, ती रीतच आहे. चाळीस दिवस संपले तरी कुणी काही बदललं नाही. हाग्गांना बटणं दिसत नाहीत. चालू-बंद करायच्या बटणावर मी जाड लोकरी नमद्याचा तुकडा चिकटवून दिला होता, तेवढं त्यांना बोटाने सापडायचं. म्हणून सकाळी उठल्यापासून इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजपर्यंत एकच चॅनल. मक्केहून थेट, काबा आणि त्याच्याभोवती फिरणारी माणसं. माझा कारखाना बरोब्बर त्या बाल्कनीखाली आहे. रंधा थांबला की वरून कुराणाचा आवाज यायचा. आवाज आला की कळायचं, हाग्गा बऱ्या आहेत.

टीव्ही बंद पडला त्याच संध्याकाळी मुख्तारचा फोन आला. मुख्तार हा हाग्गांचा मुलगा, इनशिराहचा धाकटा भाऊ. मन्सूऱ्यात सरकारी कचेरीत आहे.

"आई कशी आहे?"

"बऱ्या आहेत. टीव्ही बिघडलाय."

"मग दिवसभर करते काय ती?"

"बसतात."

"उस्ता, एक बोलू का? राग मानू नका. तिला रमजानपुरती माझ्याकडे पाठवा. इथे मोठा टीव्ही आहे, नातवंडं आहेत, घर भरलेलं असतं. तिथे तुम्ही दिवसभर खाली रंधा मारणार आणि ती वर एकटी."

"मी वर येऊन-जाऊन असतो."

"लोक मला विचारतात. मुलगा धडधाकट आणि आई जावयाकडे. ताई होती तोवर गोष्ट वेगळी होती."

"नवा टीव्ही येतोय या आठवड्यात," मी म्हणालो. तोपर्यंत माझं तसं काही ठरलेलं नव्हतं.

"मी टीव्हीचं नाही बोलत, उस्ता."

"मी टीव्हीचंच बोलतोय."

रमजानपुरती म्हणजे काय, ते मला कळत होतं. एकदा औषधांची पिशवी आणि गादी त्या घरी गेली की परत कोण आणतो? हाग्गा गेल्या असत्या तर या घरात इनशिराहबद्दल बोलणारं कुणी उरलं नसतं. मी बोललो असतो, पण ऐकायला कुणी नसतं. हे मी मुख्तारला सांगितलं नाही. हाग्गांनाही नाही.

शुक्रवारी नमाजनंतर मी मशिदीतल्या शेखसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं. बायको वारल्यावर सासू जावयाच्या घरात राहिली तर काही अडचण आहे का? ते म्हणाले, काही नाही. बायको असो-नसो, सासू जन्मभर आईच्या जागी. तिला तुझ्यासमोर डोकं झाकायचीही गरज नाही. मी म्हटलं, हे लोकांना माहीत नाही का? ते म्हणाले, लोकांना माहीत असतं, फिक्री, पण लोक बोलतात.

टीव्ही घ्यायला मी गिर्गिसच्या दुकानात गेलो. त्याच्या लग्नाची बेडरूम मी बनवली होती, त्याला वीस वर्षं झाली. आमच्याकडे यंत्र विकणाऱ्या माणसाला इंजिनियर म्हणतात, मीही त्याला तसंच म्हणतो. दुकानात अंधार करून ठेवलेला आणि भिंतीभर टीव्ही. सगळ्यांवर तेच मासे आणि तीच फुलं.

"आधी दिवे लाव, इंजिनियरसाहेब," मी म्हणालो.

"का हो? चित्र छान दिसतंय की."

"म्हणूनच. पन्नास वर्षं फर्निचर विकलंय मी. पिवळा दिवा लावून बीचचं लाकूड अक्रोडाचं म्हणून खपवणारे मला माहीत आहेत."

"त्यातला एक माझ्यासमोर उभा आहे की काय?" त्यानं दिवे लावले. "माझा पलंग तरी अक्रोडाचा आहे ना?"

"पलंग अक्रोडाचा आहे. कपाटाचं विचारू नकोस."

तो हसला आणि समजावू लागला. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. टीव्ही दोन जातींचे. एका जातीत पडद्यामागे दिवे असतात आणि पुढचा पडदा तो उजेड अडवतो किंवा सोडतो, झडपेच्या पट्ट्यांसारखा. झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून थोडा उजेड येतोच, म्हणून त्यातला काळा रंग पुरता काळा होत नाही. दुसऱ्या जातीत मागे दिवेच नाहीत. पडद्याचा एकेक ठिपका स्वतःच दिवा असतो. काळा हवा असेल तिथे ठिपका विझतो, बस. तिथे खरोखर अंधार असतो.

"बघणार कोण?" त्यानं विचारलं.

"हाग्गा."

"काय बघतात?"

"काबा."

त्यानं दोन टीव्ही शेजारी-शेजारी घेतले आणि दोन्हींवर ते चॅनल लावलं. दिव्यांच्या टीव्हीत काब्यावरचं वस्त्र शंभरदा धुतलेल्या काळ्या कापडासारखं दिसत होतं. ठिपक्यांच्या टीव्हीत ते काळं होतं. त्यावरची सोनेरी अक्षरं सुटी-सुटी दिसत होती. हाग्गांनी ते वस्त्र हाताने धरलंय. हजहून आल्यावर कितीतरी दिवस त्या उजवा हात इनशिराहच्या नाकाजवळ नेत आणि म्हणत, बघ, अजून अत्तराचा वास आहे.

मी मोजून आठ पावलं डावीकडे गेलो, घरात खुर्ची जिथे आहे तिथे. मान दुकानाच्या भिंतीकडे वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू लागलो.

"उस्ता, ती भिंत विकायची नाहीये," गिर्गिस म्हणाला.

"थांब जरा."

बाजूने बघितल्यावर दिव्यांचा टीव्ही साफ पांढुरका पडला. ठिपक्यांचा होता तसाच राहिला. माझं मन तिथेच ठरलं.

"हा दे," मी म्हणालो.

"चालू किती वेळ असतो?"

"सकाळपासून इशापर्यंत."

"तेच चॅनल?"

"तेच."

गिर्गिसने रिमोट खाली ठेवला. "मग ऐका. ठिपका स्वतः जळतो, म्हणजे तो झिजतोही. एकच चित्र एकाच जागी महिनोन् महिने राहिलं की तिथले ठिपके जास्त झिजतात आणि त्याचा ठसा उमटतो. कोपऱ्यात चॅनलची खूण असते, खाली पट्टी असते, ती जात नाही मग. माझ्या आईकडे असाच आहे. ती दिवसभर चर्चचं चॅनल लावते. आता फुटबॉलचा सामना लावला तरी कोपऱ्यात क्रूस. आई म्हणते, गोलकीपरला आशीर्वाद मिळतो."

"मग उपाय?"

"मधे मधे चॅनल बदलायचं. तासाला दहा-पंधरा मिनिटं दुसरं काहीतरी. घरात कुणीतरी बदलतंच की."

"बदलणारी गेली," मी म्हणालो.

गिर्गिस इनशिराहच्या मातीला आला होता. त्यानं मला तिसरा टीव्ही दाखवला. त्यातही मागे दिवेच, पण बारीक आणि शेकड्यांनी, आणि काळ्या जागेमागचे दिवे तो आपोआप मंद करतो. उन्हातही चित्र झगझगीत. ठसा उमटायची भीती नाही. काळा रंग जवळजवळ काळा. "पण समोरून," गिर्गिस म्हणाला. "बाजूने हाही पांढरा पडतो. तुम्हाला हाच बरा. खुर्ची तेवढी समोर घ्या."

"खुर्ची हलत नाही."

"खिळे ठोकलेत का?"

"तसंच समज. पहिलाच दे, चॅनल मी बदलेन."

"तुम्ही?"

"का? माझी बोटं मोडलीत?"

"चुकताय, उस्ता," तो म्हणाला आणि पावती करायला बसला.

दोन माणसं टीव्ही वर घेऊन आली आणि बुटक्या कपाटावर, दोन काचेच्या कपाटांच्या मधे, त्यांनी तो बसवला. ही तिन्ही कपाटं मी आमच्या लग्नासाठी केली होती. काचेच्या कपाटांत इनशिराहची लग्नातली चिनी मातीची भांडी आहेत, जी सगळ्या घरांत असतात आणि कुणी वापरत नाही.

टीव्ही लागला. हाग्गांनी मान बाल्कनीकडे वळवली.

"काळा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"जुन्यात राखाडी दिसायचा. मी म्हणायची नाही काही. मला वाटायचं माझे डोळे." मग थोड्या वेळानं, "दुपारी ऊन आलं की यात रिदाच्या आईचं धुणं दिसेल बघ. आरसाच आहे हा."

"दिसू दे. तिलाही काबा घडेल."

त्या हसल्या. इनशिराह गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, काम झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी दर तासाला हातातलं काम टाकून वर जाऊ लागलो. पहिल्या खेपेला बातम्या लावल्या.

"हे काय?" हाग्गा म्हणाल्या.

"बातम्या बघायच्यात जरा."

"तुला कधीपासून बातम्या लागल्या?"

"जगात काय चाललंय ते कळावं माणसाला."

"तुला गल्लीत काय चाललंय ते माहीत नसतं."

दहा मिनिटं मी उभ्यानेच बातम्या बघितल्या आणि काबा परत लावून खाली आलो. दुसऱ्या खेपेला फुटबॉल लावला. तिसऱ्या खेपेला एक बाई बदकात कांदा भरत होती. हाग्गा म्हणाल्या, "बदकात एवढी काळी मिरी? कुठली आहे ही, कैरोची?" चौथ्या खेपेला त्यांनी नुसता कान माझ्याकडे वळवला, म्हणजे त्या विचार करत होत्या. आठवडाभर हे चाललं. माझ्या कारखान्यात एका नवरीचा पलंग अर्धा पडून होता आणि तिचा बाप रोज येऊन तो अर्धाच आहे हे बघून जात होता.

पुढच्या शुक्रवारी मुख्तार आला. संत्र्यांची पिशवी आणली होती. टीव्ही बघून तो खरोखर खूश झाला.

"उस्ता, हा तर सगळ्यात वरचा माल घेतलात. माझ्याकडचा याच्यापुढे काहीच नाही." त्यानं फोन काढून त्यात काहीतरी वाचलं. "आई, पण ऐक. हा नाजूक असतो. एकच चॅनल दिवसभर लावून ठेवू नकोस हं. पडद्यावर कायमचा डाग पडतो. उस्तांनी एवढा पैसा घातलाय."

हाग्गांनी मान माझ्याकडे वळवली, म्हणजे मी त्या करड्या डागात गेलो. "म्हणून तू वर येत होतास होय," त्या म्हणाल्या.

"तसं काही नाही," मी म्हणालो.

"बातम्या बघायला," त्या म्हणाल्या.

मुख्तारच्या मनात वाईट काही नव्हतं. चुलीवर दूध आहे, लक्ष ठेव, असं सांगतात तसं त्यानं सांगितलं. जेवताना त्यानं रमजानचा विषय पुन्हा काढला. हाग्गा "बघू" म्हणाल्या. याआधी त्या दर वेळी "नाही" म्हणत.

शनिवारी रंधा थांबवला तर वरून आवाज नाही. मी वर गेलो. टीव्ही बंद. हाग्गा हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"लावू का?"

"नको. डोळे दुखतात."

रविवारी सकाळी थोडा वेळ लावला आणि बंद केला. सोमवारी लावलाच नाही. मीच लावला तर त्या म्हणायच्या, राहू दे, माझं ऐकून झालंय. मी म्हणायचो, डाग पडला तर पडू दे. त्या म्हणायच्या, कसला डाग, माझे डोळे दुखतात. त्याही खोटं बोलत होत्या आणि मीही आठवडाभर खोटंच बोललो होतो, त्यामुळे मला पुढे काही बोलता येईना.

मंगळवारी मी दाराशी बसून पलंगाची पट्टी घासत होतो. वर टोपलीची दोरी सुटल्याचा आवाज आला. समोरून रिदाच्या आईने विचारलं, "हाग्गा, आज कुराण नाही ऐकू येत. तुमचं ऐकून माझी सकाळ व्हायची."

"जपून वापरते," हाग्गा म्हणाल्या. "जावयाचं घर आहे. वस्तू त्याची."

"अहो, एकोणीस वर्षं झाली."

"तेव्हा पोरीचं घर होतं. रमजानला जाते मी मुख्तारकडे."

टोपली माझ्या डोक्यावरून खाली गेली आणि पाव घेऊन वर आली. मी खाली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी कानस ठेवली. मुख्तारच्या घराची खिडकी मी बघितली आहे. ती इमारतीच्या आतल्या चौकात उघडते, जिथे सगळ्यांचे नळ आणि धुराडी असतात. तिथून टोपली कुणाकडे सोडणार?

मी तसाच भुसा झटकून गिर्गिसकडे गेलो.

"तिसरा दे," मी म्हणालो. "हा परत घे."

"डाग पडला? इतक्यात?"

"पडद्यावर नाही पडला."

ही अदलाबदल त्यानं कशी जमवली आणि त्यात कुणाचं काय गेलं ते मी इथे सांगत नाही. "पण उस्ता, कोनाचं काय करणार?" तो म्हणाला. "खुर्ची हलत नाही म्हणालात."

"टीव्ही हलवतो."

हे बोलायला सोपं होतं. टीव्ही खुर्चीकडे तोंड करून बसवायचा तर मधे डावं काचेचं कपाट येत होतं. कपाट काढावं तर न्हाणीघराला जाताना हाग्गांचा हात रिकाम्या जागी पडला असता. रात्री जेवण झाल्यावर मी मीटरपट्टी घेऊन खोलीत बसलो. वरचा भाग गेला तर चित्र खुर्चीपर्यंत पोचतं. खालचा भाग राहिला तर हात टेकतो. म्हणजे कपाट कमरेएवढ्या उंचीवर कापायचं. दुसरा उपाय मला दिसला नाही. मी चांगला सुतार आहे, असता तर दिसला असता.

सकाळी मी भांडी काढून वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलो. सहा कप, सहा बशा, साखरदाणी. इनशिराह दर रमजानच्या आधी ती काढून धुवायची आणि परत ठेवायची. या वर्षी धुतलेली नव्हती. मी धुतली नाहीत, तशीच गुंडाळली. मग करवत घेतली. यंत्राची करवत खाली होती, पण तिने भुसा फार उडतो, म्हणून हाताचीच घेतली.

चार-पाच हात मारले असतील, तेव्हा हाग्गा म्हणाल्या, "फिक्री, काय कापतोयस?"

"कपाट."

"इनशिराहचं?"

"हो. डावं."

मी करवत थांबवली.

"कुठपर्यंत?"

"तुमच्या कमरेपर्यंत. हात टेकायला राहील."

"नीट मोजलंस का? माझी उंची कमी झालीय आता."

मी मोजलं नव्हतं. दाराच्या चौकटीवर त्यांचा हात लागून पडलेल्या जुन्या खुणेवरून मी उंची धरली होती. त्या उठल्या, खुर्चीची पाठ धरून कपाटापाशी आल्या, हात टेकला. मी त्यांच्या तळहाताखाली पेन्सिलीची रेघ मारली. माझ्या रेघेपेक्षा ती चार बोटं खाली होती. मारलेले हात फुकट गेले. नव्या रेघेवरून पुन्हा सुरुवात केली. लाकूड बीचचं होतं, अजून कडक. दोनदा थांबून करवतीला मेण लावावं लागलं. हाग्गा खुर्चीत जाऊन बसल्या आणि शेवटपर्यंत मान माझ्याकडे न वळवता बसून होत्या, म्हणजे त्या बघत होत्या.

दुपारी कापलेल्या कडेवर रंधा मारला, वरून फळी बसवली, कोपरे हाताला लागणार नाहीत इतके गोल केले. टीव्हीखाली फिरती थाळी केली आणि पडदा खुर्चीकडे वळवून बसवला. संध्याकाळच्या आत काबा लागला. ऊन थेट खोलीत होतं तरी चित्र फिकं पडलं नाही.

"हा कुठला?" हाग्गा म्हणाल्या.

"दुसरा आहे. याला डाग पडत नाही. रात्रंदिवस लावा."

"तो का परत केलास?"

"मला बातम्यांचा कंटाळा आला."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "त्याच्याएवढा काळा नाही हा," त्या म्हणाल्या.

"नाही."

"पण बरा आहे."

रमजानच्या दोन दिवस आधी मुख्तार गाडी घेऊन आला. हाग्गांची बॅग पलंगावर भरून ठेवलेली होती. ती त्यांनी हा दुसरा टीव्ही यायच्या आधीच भरली होती आणि नंतर मी काही विचारलं नव्हतं. मुख्तार सोफ्यावर बसला, खोलीभर नजर फिरवली, अर्ध्या कपाटाकडे बघितलं.

"उस्ता, हे काय केलंत? आणि टीव्ही बदललात? याचा रंग उडालाय. सगळं पांढरं दिसतंय."

"तिथून तसंच दिसणार," मी म्हणालो.

"मग पाहुण्यांनी बघायचं कसं?"

"तुला कोण दाखवतंय?" हाग्गा म्हणाल्या.

मुख्तार माझ्याकडे बघून हसला, पण तो थोडा दुखावला होता. "बरं, चल आई. अंधाराच्या आत पोचू."

"औषधं कुठे आहेत माझी?" हाग्गांनी मला विचारलं.

"बॅगेत. तुम्हीच भरलीत."

"काढ. दुपारची घ्यायचीय."

मी बॅग उघडली, औषधांचा डबा काढून टेबलावर ठेवला, पाणी दिलं. गोळी घेऊन त्या म्हणाल्या, "मुख्तार, पहिल्या दिवशी मुलांना घेऊन इकडेच ये रोजा सोडायला. बदक करू. फिक्री कांदा चिरेल, त्याला येतं."

"आई, लोक काय म्हणतील? पहिला रोजा, आणि तू इथे?"

"लोकांना म्हणावं, बदक खायला गेलो होतो."

"आणि तू कधी येणार?"

"ईदनंतर बघू."

मुख्तारनं चहा घेतला, आईच्या डोक्यावर ओठ टेकले आणि गाडी रिकामीच घेऊन गेला. जिन्यात मला म्हणाला, "तुम्ही तिला काही सांगितलंत का, उस्ता?" मी म्हणालो, नाही. ते खरं होतं. तो म्हणाला, "मग मीच काहीतरी चुकीचं बोललो असेन." मी म्हणालो, तू काही चुकला नाहीस, बदकाला वेळेवर ये.

ईदनंतर बघू म्हणजे काय, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. वर आलो तर हाग्गा एक हात टेकत न्हाणीघराकडे निघाल्या होत्या. खुर्ची, मग फळी, मग बुटकं कपाट. टीव्हीची एक वायर जमिनीवरून आडवी गेली होती, ती मी पायाने बाजूला सरकवली आणि गिरमिट आणायला खाली गेलो. बुटक्या कपाटाच्या पाठीला वायरसाठी भोक पाडायचं राहिलं होतं.